उत्क्रांती, जटिलता आणि तंजावरची मराठी नाटके

मराठी नाटकाच्या इतिहासाला दोन आरंभ सांगितले जातात. एक तंजावरचा : शहाजीराजे भोसले (कारकीर्द १६८४–१७१२) यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’. दुसरा सांगलीचा : विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’, १८४३. या दोहोंची सांगड घालताना वाङ्मयेतिहासलेखनाने बहुधा सोपी वाट धरलेली दिसते. तंजावर हा अंकुर, सांगली हे रोप आणि किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ (१८८०) हा बहरलेला वृक्ष. या रूपकात एक गृहीतक दडलेले आहे. जे साधे ते आधीचे, जे गुंतागुंतीचे ते नंतरचे, आणि पहिल्यातून दुसरे निपजणे अटळ. हे गृहीतक जीवशास्त्राच्या नावावर खपते. म्हणून ते जीवशास्त्राला तरी मान्य आहे काय, हे आधी तपासणे इष्ट. तेथे प्रश्न असा मांडला जातो : एकपेशीय जीवसृष्टी उत्क्रांत होत गेली, तर तिने जटिल होणे क्रमप्राप्तच होते काय?

मराठीत या प्रश्नाचे अर्धे उत्तर शब्दातच देऊन ठेवलेले आहे. ‘उत्क्रांती’ या संस्कृत शब्दाचा दार्शनिक परंपरेतील अर्थ जीवाने देह सोडून बाहेर पडणे, वर निघून जाणे असा आहे. आधुनिक काळात तो शास्त्रीय संज्ञा म्हणून रुळला, तेव्हा ‘उत्’ या उपसर्गातील चढण त्याच्याबरोबर आली. हिंदीने ‘विकास’ पसंत केला, त्यातही उमलणे आहेच. तमिळ आणि तेलुगू या भाषांनी मात्र ‘परिणाम’ हा शब्द घेतला. परिणाम म्हणजे रूपांतर. ते वर नेते की खाली, याविषयी शब्द मौन पाळतो. तंजावरसारख्या मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत एकत्र नांदलेल्या नगरीचा विचार करताना हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही. खुद्द डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात ‘फेरफारांसह वंशावतरण’ अशा आशयाची संज्ञा वापरली. चढणीचा विश्वव्यापी नियम सांगितला तो हर्बर्ट स्पेन्सरने : एकजिनसीपणाकडून बहुजिनसीपणाकडे. आगरकरांच्या पिढीने स्पेन्सर आवडीने वाचला. फ्रान्समध्ये ब्रुनेतिएरने १८९० मध्ये वाङ्मयप्रकारांनाही उत्क्रांतीचा सिद्धांत लावला आणि त्यांना जन्म, प्रौढत्व व ऱ्हास बहाल केला. वाङ्मयेतिहासात आले ते डार्विनपेक्षा स्पेन्सरचेच अपत्य अधिक.

डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत या शंकेला उत्तर दिले आहे. ज्या सूक्ष्म जीवाचे आपल्या परिस्थितीत उत्तम चालले आहे, त्याला अधिक गुंतागुंतीची रचना लाभून काय फायदा, असा त्याचा प्रतिप्रश्न आहे. पुढच्या संशोधनाने तो बळकटच केला. जीवाणूंच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात आणि जीवाणू आजही जीवाणूच आहेत. ते मागे राहिलेले नाहीत. तेही तितकाच काळ उत्क्रांत होत आले आहेत, फक्त एकपेशीय राहून. स्टीफन जे गूल्ड यांनी १९९६ मध्ये याचा उलगडा भिंतीच्या दृष्टांताने केला. जीवाचा आरंभ शक्य तितक्या साध्या रूपात होतो. त्याहून साधे होण्यास एका बाजूला भिंत आहे. तोल गेलेला माणूस भिंतीलगत चालत राहिला तर तो कधी ना कधी दुसऱ्या बाजूच्या गटारात पडणार, पण म्हणून त्याला गटाराकडेच जायचे होते असे ठरत नाही. जटिलतेची कमाल मर्यादा वाढते. बहुसंख्य जीव मात्र भिंतीपाशीच राहतात. शिवाय उलट प्रवासही होतो. मायकोप्लाझ्मा हा परोपजीवी जीवाणू अधिक जनुके असलेल्या पूर्वजांपासून आला. त्याच्या एका जातीचा जनुकसंच सुमारे ५ लाख ८० हजार अक्षरांचा आहे. आतड्यातील परिचित ई. कोलाय जीवाणूचा ४६ लाखांच्या घरात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बहुपेशीय रचना एकदाच नव्हे, तर किमान पंचवीस वेळा स्वतंत्रपणे उद्भवली असावी असा अंदाज आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लवकर तळाशी बसणाऱ्या यीस्टच्या पेशी निवडत गेल्यावर साठ दिवसांत त्यांचे गुच्छ तयार झाले. याउलट रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातील ई. कोलाय हजारो पिढ्यांनंतरही एकपेशीयच आहे. त्याच्यावर गुच्छ करण्याचा ताणच नव्हता. जटिलता वारंवार संभवते. पण ती प्रसंगाने संभवते, नियमाने नव्हे.

आता पुन्हा नाटकाकडे. तंजावरच्या मराठी नाटकांची घडण तेलुगू यक्षगानाच्या दरबारी परंपरेतून झाली. सूत्रधार, दरू नावाची पदे, मधले गद्य असा त्यांचा बांधा आहे. सांगलीत भाव्यांपुढे आदर्श होता तो कर्नाटकातून आलेल्या मंडळींच्या खेळांचा, म्हणजे यक्षगानाच्याच दुसऱ्या फांदीचा. भाव्यांनी तंजावरच्या संहिता पाहिल्या होत्या असे मानण्यास आधार नाही. म्हणजे येथे माता-कन्या हा संबंध नाही. दोन वेगळ्या ठिकाणी, दीडशे वर्षांच्या अंतराने, एकाच प्रकारच्या दाक्षिणात्य शेजारामुळे मराठीत नाटक दोनदा निपजले. हा स्वतंत्र उद्भव आहे. त्यातही क्रम उलटा आहे. तंजावरच्या नाटकात गद्य लिहिलेले आहे. भाव्यांच्या आरंभीच्या नाटकांत सूत्रधाराची पदे रचलेली असत आणि पात्रांनी संवाद आयत्या वेळी बोलायचे असत. संहितेच्या दृष्टीने नंतरचे नाटक साधे आणि आधीचे अधिक बांधेसूद ठरते. यावरून भाव्यांचे नाटक कनिष्ठ होत नाही; लिहिलेल्या संवादाचे ओझे नसल्यानेच कदाचित ते गावोगाव फिरू शकले. राजाश्रयाच्या वाड्यात जे गुण ठरले, ते फिरत्या मंडळीच्या बैलगाडीत अडगळ ठरले असते.

तंजावरच्याच आवारात याहून जटिल रूपे सापडतात. शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकत्र आणल्या आहेत. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजी हा तमिळ प्रकार मराठीत येतो आणि भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगू लागते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या, दुर्बिणी, ग्रंथ आणि वैद्यकीय चित्रे जमवणाऱ्या राजाने लोकप्रिय नृत्यनाट्याच्या पोटात युरोपीय विद्या घातली. याच राजाच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडले. कुरवंजीत घडले त्यास शिडीची पुढची पायरी म्हणणे चुकीचे होईल. येथे एक रूप दुसऱ्यात शिरून राहिले. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जटिल पेशीच्या उगमाविषयी जे मांडले (एका पेशीच्या आत दुसरीने वस्ती केली आणि त्यातून नवी पेशी झाली) त्याचे स्मरण येथे होते. साम्य एवढ्यावरच थांबते. त्या संयोगातून वनस्पती आणि प्राणी यांचा अफाट वंश वाढला. ‘देवेंद्र कुरवंजी’चा वंश मराठी रंगभूमीवर दिसत नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, राज्य खालसा झाले आणि ज्या अधिवासात हे रूप जगत होते तो अधिवासच गेला. जटिलता टिकण्याची हमी देत नाही, हेही तंजावर दाखवते.

एक आक्षेप येथे योग्य ठरेल. जीव जनुके पुढच्या पिढीला देतो. नाटककार मात्र वाटेल त्या भाषेतून उचलतो. मग ही तुलना टिकते कशी? फ्रँको मोरेत्ती यांनी २००५ मध्ये वाङ्मयप्रकारांची वंशवृक्षे काढली, तेव्हा हाच आक्षेप त्यांच्यासमोर होता : संस्कृतीच्या फांद्या दुभंगतात तशा पुन्हा जुळतातही. मात्र जीवाणूही शेजाऱ्याकडून जनुके घेतात, हे आता सर्वमान्य आहे. एकपेशीयांचा इतिहास वृक्षापेक्षा जाळ्यासारखा आहे, आणि तंजावरचा वाङ्मयेतिहास वाचण्यास ते जाळेच अधिक उपयोगी पडते. त्या जाळ्यात मराठीचे स्थान टोकाला नाही, मधोमध आहे. तमिळनाडूतील मराठी कुटुंबांच्या बोलीलाही ‘जुन्या मराठीचा अवशेष’ म्हणण्याची प्रथा आहे. हीही तीच चूक. ती बोली थिजलेली नाही. गेली साडेतीनशे वर्षे ती पुण्याच्या मराठीइतकीच बदलत आली आहे, केवळ तमिळच्या सहवासात.

तंजावरजवळील मेलट्टूर गावात भागवतमेळ्याची तेलुगू नाटके नृसिंहजयंतीच्या सुमारास आजही होतात, आणि स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत. शहाजीराजांच्या मराठी नाटकांना असे गाव लाभले नाही. ती सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांच्या रूपात आहेत.