पाठीवरची नजर



गटाच्या बैठकीत हिशेब वाचायची वेळ आली, की आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसतो. हिशेब चोख असतो. पण उभं राहायचं म्हटलं की हात आधी पदराकडे जातो, मग केसांकडे. मागच्या ग्रामसभेत नळाचा प्रश्न आम्ही कागदावर लिहून नेला होता. तो तसाच घडी घालून परत आणला. कारण एकच, “सगळे आपल्याकडेच बघतायत.” म्हणून आज या बघण्याचाच इतिहास सांगतो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड टिचनर हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मागून कोणी टक लावून बघितलं तर ते आम्हाला कळतं, असं त्यांचे काही विद्यार्थी ठामपणे सांगत. टिचनरांनी १८९८ साली यावर लेख लिहिला. कार्यक्रम रंगायच्या आधी बायका केस चाचपतात, खांद्यावरून मागे बघतात, पुरुष कॉलर नीट करतात, हे त्यांनी टिपलं होतं. म्हणजे पदर सावरणं काही आपल्याच गावचं नाही! त्यांनी कारण सांगितलं ते असं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून तिची धास्ती वाटते. आपण मान वळवतो. ती हालचाल झाली म्हणून मागचा माणूस आपल्याकडे बघतो. नजरानजर होते आणि आपल्याला वाटतं, हा मघापासून बघतच होता.

पुढे १९१३ साली जॉन कूव्हर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात दहा जणांना प्रत्येकी शंभर वेळा विचारलं, मागचा माणूस आत्ता बघतोय का? सुमारे निम्मी उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तरी तेवढीच आली असती.

मग हे इतकं खरं का वाटतं? कारण नजर ओळखणं आपण जन्मापासून करतो. दोन ते पाच दिवसांची बाळंसुद्धा आपल्याकडे थेट बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात, असं २००२ सालच्या अभ्यासात दिसलं. २०१३ साली सिडनीच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. समोरच्याची नजर नीट दिसत नसेल, तर मेंदू ‘तो माझ्याकडेच बघतोय’ असं धरून चालतो.

त्याआधी, २००० साली, त्याच कॉर्नेलमधल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांच्या हे लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या लक्षात आलं.

आता एक सांगून ठेवतो. रस्त्यात, एस.टी.त कोणी टक लावून त्रास देत असेल, तर तो मनाचा खेळ नव्हे. तिथं गप्प बसायचं नाही. पण बैठकीतली, सभेतली नजर वेगळी. तिथं समोरच्या बाईलाही वाटत असतं, की सगळे तिच्याकडेच बघतायत. ती तिचा पदर सावरण्यात गुंतलेली असते.

पुढच्या ग्रामसभेत नळाचा प्रश्न आम्ही वाचणार आहोत. एकीनं वाचायचा, दुसरीनं शेजारी उभं राहायचं, असं ठरलंय. लोकांनी बघितलं तर बघू दे. प्रश्न ऐकला म्हणजे झालं.