नायजर : शेतातील झाड कोणाचे?

शेत शेतकऱ्याचे, पण त्यात उगवलेले झाड सरकारचे! पश्चिम आफ्रिकेतील नायजर फ्रेंचांच्या अमलाखाली असताना तेथे हा न्याय रूढ झाला. १९३५ च्या वनविषयक फर्मानानंतर संरक्षित ठरलेले देशी वृक्ष स्वतःच्या शेतात असले, तरी तोडण्यास परवाना लागे. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. वनखात्याची वृत्ती मात्र पालटली नाही.

परिणाम उलटाच झाला. मोठे झाल्यावर जे आपले राहणार नाही, ते वाढवायचे कशासाठी? शेतकरी पेरणीपूर्वी कोवळे फुटवे छाटून टाकीत. १९७० च्या आसपासच्या भीषण दुष्काळानंतर उघड्या रानातील वाळू वाऱ्याने उडून बाजरीची रोपे गाडू लागली. रोपवाटिकांतून आणून लावलेली झाडे बहुतांशी वाळून गेली.

१९८३ मध्ये मराडी भागात रोपे घेऊन निघालेले ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो एका खुरट्या झुडपापाशी थबकले. ते झुडूप नव्हतेच. तोडलेल्या वृक्षाच्या जिवंत बुंध्याला फुटलेले धुमारे होते. म्हणजे नवे रोप लावण्याची गरजच नव्हती. मोजके जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच काम.

खरा अडसर मालकीचा होता. राखलेले लाकूड विकावे, तर दंडाची धास्ती. स्थानिक वनाधिकाऱ्यांनी कायद्याचा बडगा सैल केला, तेव्हा कुठे ही रीत गावोगाव पसरली.

राखलेल्या वृक्षांत मोठा मान गाओचा. बाभळीचा हा आप्त विलक्षण आहे : भर पावसाळ्यात पाने गाळतो, त्यामुळे खालच्या बाजरीला ऊन मिळते. मुळे जमिनीला नत्र देतात आणि कोरड्या दिवसांत शेंगा गुरांच्या पोटात जातात.

सुमारे वीस वर्षांनी संशोधकांनी जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून पाहिली. दक्षिण नायजरमध्ये जवळपास ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परतली होती. महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा म्हणा ना!

आज कार्बन साठवणुकीच्या चर्चेत हे उदाहरण हमखास निघते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. विरळ झाडांच्या शेतात हेक्टरी साठा दाट जंगलाच्या मानाने अल्पच. मोल आहे ते विस्ताराला. मराडीच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र कार्बन नव्हता. त्याला सरपण, चारा आणि वाऱ्याला आडोसा हवा होता.

या झाडांवरील शेतकऱ्यांच्या हक्काला अध्यक्षीय आदेशाने मान्यता मिळायला मात्र २०२० साल उजाडावे लागले.