कॅमेरा खिशात, चित्र कुठे?

चालतं-बोलतं चित्र स्वतः टिपायची हौस मुंबईत मोबाइलबरोबर आली, असं तरुण मंडळींना वाटतं. ही हौस सव्वाशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात एका मराठी माणसाने केली. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्या काळी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करत. लोक त्यांना सावेदादा म्हणत. नव्या चित्रांनी ते इतके भारावले, की विलायतेहून रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी! १८९९ मध्ये हँगिंग गार्डनपाशी पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पहिलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईत झालेलं त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोपटं कसं वाढतं, ते एकेक चित्र घेत टिपलं. त्यानंतर आला ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला.

मात्र सावेदादांची कुस्ती आज आपल्याला पाहता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरलेला नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई, हवेने खराब होई, आणि जुनी रिळं जपायची असतात, हे कुणाच्या ध्यानी नव्हतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांच्या काळातला बहुतेक ठेवा गेलेला होता. म्हणून कॅमेऱ्यांची तुलना करताना चित्र किती स्वच्छ येतं, याबरोबर ते वीस वर्षांनी कुठे असेल, हेही विचारायला हवं, असं मला वाटतं.

आता आपल्या उपनगरांत येऊ. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मध्यमवर्गीय घरांत व्हिडिओ शिरला तो लग्नाच्या मांडवातून. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे दिवा धरून धावणारा पोरगा, ही जोडी हॉलमध्ये दिसू लागली. अक्षता टाकणारे पाहुणे त्या झगझगाटात डोळे मिचकावत. महिनाभराने कॅसेट यायची आणि शेजारच्यांसह सगळे ती पाहायचे. नव्वदच्या दशकात हातात मावणारे कॅमेरे आले, १९९५ मध्ये मिनी-डीव्ही ही काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट आली, आणि शूटिंगवाल्याचं काम घरचा हौशी काका करू लागला.

त्यानंतरचा टप्पा खिशातल्या कॅमेऱ्यांचा. अमेरिकेत २००६-०७ च्या सुमारास ‘फ्लिप’ निघाला. कॅसेट नाही, पाठीवर एक मोठं लाल बटण, आणि कडेला घडी घातलेला यूएसबीचा दांडा; तो उघडून सरळ संगणकाला जोडायचा. २०१० मध्ये याच जातीत टचस्क्रीन आली. तीन नमुने शेजारी ठेवून पाहण्यासारखे होते. तिघांचा पडदा तीन इंची. फ्लिपच्या ‘स्लाइड एचडी’त १६ जीबी साठवण आतच, सुमारे चार तासांचं चित्रण मावे. सोनीच्या ‘ब्लॉगी टच’चं चित्र त्याहून रेखीव, पण साठवण तीही आतलीच. कोडॅकच्या ‘प्लेटच’मध्ये मात्र कार्ड घालता येई आणि बाहेरचा माइकही जोडता येई. लग्नात बँड वाजत असताना आजीचे दोन शब्द नीट ऐकू यायचे असतील, तर मी कोडॅकच्या बाजूने मत दिलं असतं. शिवाय कार्ड भरलं, की काढून डबीत ठेवता येतं. साठवण आतच असेल, तर नवं टिपायला जुनं कुठेतरी हलवावं किंवा पुसावं लागतं. आणि घाईत माणूस पुसतोच!

हे सारं वैभव औट घटकेचं ठरलं. सिस्कोने २००९ मध्ये फ्लिप विकत घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये बंद केली. कोडॅकनेही २०१२ मध्ये या धंद्यातून पाय काढला. फोनच चित्रण करू लागल्यावर खिशात दुसरी डबी कोण बाळगणार? दरम्यान जुन्या कॅसेटींचीही पंचाईत झाली. त्या दाखवणारं व्हीसीआर यंत्र बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई. तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेट शाबूत असली, तरी ती लावायची कशात?

त्यातून आपली हवा दमट. फितीला बुरशी धरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांत अल्बम आणि कॅसेटी चिखलात गेल्या.

जाऊ द्या, लग्नाच्या कॅसेटीच त्या, असं म्हणू नका. त्यात नवरानवरीच्या मागे काय दिसतं ते पाहा. अंधेरीच्या जे. पी. रोडवर मेट्रोचे खांब उभे राहण्याआधीचं आभाळ दिसतं. ती मेट्रो धावली २०१४ मध्ये. पुनर्विकासात पाडलेली चाळ, तिचा जिना, अंगणातली विहीर दिसते. आज हयात नसलेल्या माणसांची चाल आणि त्यांचा आवाज त्यात आहे. दक्षिण मुंबईची चित्रं संग्रहांत सापडतील. पण साध्या माणसांच्या उपनगराची हलती चित्रं बहुतेक आपल्या माळ्यावरच आहेत.

तेव्हा एखाद्या रविवारी माळा उघडा. चालू यंत्र असलेला माणूस शोधून कॅसेटींच्या डिजिटल प्रती करून घ्या. जुन्या खिशातल्या कॅमेऱ्याची बॅटरी पार मरण्याआधी त्यातलं चित्रण उतरवून घ्या. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून कोण कोण दिसतंय, जागा कुठली, साल कुठलं, हे वहीत लिहून काढा. यंत्र प्रत काढून देईल, पण मागच्या रांगेत हसणाऱ्या मावशीचं नाव त्याला ठाऊक नसतं.