पांढऱ्या उंदरांचा मधुमेह

वर्गातल्या एखाद्या मुलाला मधुमेह झाल्याचे कळले, की पहिला प्रश्न येतो, "गोड फार खात होता का?" दुसरा प्रश्न आईवडिलांना, "तुमच्या घराण्यात कुणाला होता?" लहानपणी सहसा होणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाबाबत पहिला प्रश्न गैरलागू आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जपून द्यावे लागते. ते का, हे पांढऱ्या उंदरांच्या एका हकिकतीवरून समजते.

१९७४ साली कॅनडात ओटावा येथील बायो-ब्रीडिंग लॅबोरेटरीज या संस्थेत विस्टर जातीचे काही उंदीर आजारी पडले. ते लठ्ठ नव्हते. तरी त्यांना लघवी फार होई, तहान लागे आणि वजन घटे. इन्शुलिन न मिळाल्यास ते मरत. आजार जन्मानंतर साधारण दोन ते चार महिन्यांत दिसे, नरांत आणि माद्यांतही. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'बीबी उंदीर' म्हणू लागले.

त्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींभोवती लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी, जमलेल्या आढळल्या. हा हल्ला की हल्ल्यानंतरची गर्दी? १९७९ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथे आर्थर लाइक व सहकाऱ्यांनी उंदरांना लिम्फोसाइटविरोधी रक्तजल टोचले. काही आजारी उंदीर सुधारले आणि धोका असलेल्या पिलांत आजार टळला. रोग्याची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशींवर उलटली होती.

मग आनुवंशिकतेचा शोध सुरू झाला. १९८१ मध्ये मॉन्ट्रियल येथील एलिनॉर कॉल व सहकाऱ्यांनी संकराच्या प्रयोगांतून दाखवले, की आजाराचा संबंध 'आरटी-१' या जनुकसमूहाशी आहे. ही जनुके पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने घडवतात. ती प्रथिने निरनिराळ्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे धरतात आणि त्यावरून आपले कोणते, परके कोणते, हे ठरते. माणसात हेच काम सहाव्या गुणसूत्रावरील 'एचएलए' जनुके करतात. त्यांचा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी असलेला संबंध डेन्मार्कच्या नेरूप यांनी १९७४ मध्येच दाखवला होता.

पण आरटी-१ एकटे पुरत नाही. २००२ मध्ये उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर दुसरा दोष सापडला. आज 'जीआयमॅप-५' म्हणतात त्या जनुकातील एक अक्षर गळलेले होते. त्यामुळे टी पेशी लवकर मरतात. मग उरलेल्या पेशी हल्ला कसा करतात? मरणाऱ्यांत हल्ल्याला आवर घालणाऱ्या टी पेशीही असतात, हे त्याचे एक कारण.

बीबी उंदरांचा एक भाऊबंद वंश आहे. त्यात आरटी-१ तोच, पण जीआयमॅप-५ निर्दोष. एरवी या उंदरांना मधुमेह होत नाही. मात्र १९९१ मध्ये किलहॅम विषाणूचा संसर्ग झालेल्या त्यांच्या काही पिलांना तो झाला, सर्वांना नव्हे. म्हणजे वारशाने येते ती प्रवणता. आजार होण्यासाठी आणखी काही घडावे लागते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. टी पेशींची ती उणीव या मधुमेहाच्या रुग्णांत सहसा नसते. म्हणून माणसांतच तपासावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडचे एक्झेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये पुण्यातील पहिल्या प्रकारचे २६२ रुग्ण, दुसऱ्या प्रकारचे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ यांची जनुके पाहिली. युरोपीय लोकांवरून बनवलेला 'जनुकीय धोका गुणांक' येथेही दोन प्रकार वेगळे ओळखायला उपयोगी पडला, पण युरोपइतका नेमका नाही. एचएलएची रूपे आणि त्यांचे प्रमाण लोकसमूहानुसार बदलते. आपल्या लोकांचा अभ्यास येथेच व्हायला हवा, तो यासाठी.

जुळ्यांतही एकाला हा आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही, जरी दोघांची जनुके सारखी असली तरी. तेव्हा वर्गात हा विषय निघाला, तर कुणाच्या खाण्याला किंवा घराण्याला दोष देऊ नये. त्या मुलाला वेळेवर इन्शुलिन, वेळेवर डबा आणि गरज पडेल तेव्हा लघवीला जाण्याची मोकळीक मिळते ना, हे पाहावे.