सहाची नोंद साताला लागते तेव्हा…

परवा आत्याच्या नावासाठी तालुक्याला तिसरा हेलपाटा झाला. तिथं रांगेत उभं असताना जे उमगलं, ते लिहितोय. थोडा इतिहास आहे, पण वाचा. प्रश्न घरोघरचा आहे.

इंग्रजांनी 1830 च्या दशकात इंदापूरपासून नवी मोजणी केली. तेव्हा सरकारला एवढंच हवं होतं की शेतसारा कोण भरणार. जमिनीत हक्क कुणाकुणाचा, ही नोंद मुंबई इलाख्यात आली ती 1903 च्या कायद्याने. पुढे गावचे नमुने ठरले. नमुना 6 म्हणजे फेरफार, नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख आणि 12 म्हणजे पिकांची नोंद. आपला सातबारा तो हाच.

यातली मेख बघा. सातबाऱ्यावर थेट कुणी नाव चढवायचं नाही. खरेदी असो, वारस असो, वाटप असो, आधी नोंद सहाला. मग चावडीवर प्रसिद्धी, संबंधितांना नोटीस, कुणाची हरकत असेल तर सुनावणी. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलं की मगच साताला अंमल. जुन्या नावाला कंस, नव्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर. 1966 च्या महसूल संहितेतलं कलम 150 हेच सांगतं. म्हणजे एका तक्त्यात नवीन नोंदी साठवायच्या, तपासायच्या आणि मगच मुख्य तक्ता अद्ययावत करायचा. संगणकवाले आज जे करतात ते आपल्या चावडीत शंभर वर्षं शाईने चाललं होतं.

मग घोटाळा कुठं होतो? नकलेत. हाताने लिहिलेला सातबारा भरला की त्याचं पुनर्लेखन व्हायचं. आजोबा गेल्यावर वडील, काका आणि आत्या अशी तिघांची वारस नोंद झाली, मंजूरही झाली. जुन्या उताऱ्यावर तिघं आहेत. पुढच्या उताऱ्यावर दोघंच! मधे कुठलाही फेरफार नाही, हक्कसोडपत्र नाही. लिहिताना एक ओळ गळाली, झालं. आणि गळाली ती बहिणीचीच.

नंतर संगणक आला. संगणकातला सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहिला गेला, तो अगदी बरोबर जुळला. जुळणारच! चूक हस्तलिखितातच होती. ताडायला हवं होतं सहाशी, ताडलं गेलं शेवटच्या नकलेशी. आज डिजिटल सहीचा स्वच्छ उतारा मिळतो, पण त्यातही आत्या नाहीच.

कायदा (कलम 157) म्हणतो, उलट सिद्ध होईपर्यंत उताऱ्यावरची नोंद खरी धरायची. म्हणजे चूक त्यांची, पुरावे गोळा करायचे आत्याने, वयाच्या सत्तरीत. बरं, आम्हा भावंडांनाही इतकी वर्षं उतारा नीट वाचावासा वाटला नाही, हेही कबूल करतो.

मित्रांनो, एक काम करा. आजच्या सातबाऱ्यावर समाधान मानू नका. त्यावरचे फेरफार नंबर घ्या, जुने उतारे आणि सहाच्या नकला काढा, नावं एकेक करून ताडा. लेखनातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आम्ही केलाय.

आणि घरातल्या बहिणींची, आत्यांची नावं आधी बघा.