आजोबांचे खिशातील घड्याळ : अस्सल की त्या काळची नक्कल?

नागपूर, प्रतिनिधी : महाल किंवा इतवारीतील एखादा जुना वाडा पाडायला काढला, की माळ्यावरच्या ट्रंकेतून अनेकदा साखळीचे खिशातील घड्याळ निघते. ‘आजोबा रेल्वेत होते, त्यांचे असावे’ एवढीच माहिती घरात उरलेली असते. ते विकायला नेले तर एक जण हजारोंची बोली लावतो, दुसरा ‘यात काही नाही’ म्हणून परत करतो. दोघेही बहुधा तबकडीवरचे नाव वाचूनच बोलत असतात. वास्तविक जुन्या घड्याळाची पारख करताना तबकडीवरचे नाव सर्वांत शेवटी वाचावे. आधी पाहायचे ते आतील यंत्र. घड्याळजी ज्याला ‘मशीन’ म्हणतात ते.

नागपुरात अशी घड्याळे सापडतात यामागे या शहराचा इतिहास आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येथे पोहोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. गाडीचे वेळापत्रक आणि गिरणीची पाळी यांमुळे मिनिटांचा हिशेब सुरू झाला. एचएमटीच्या बंगळूर येथील घड्याळ कारखान्याचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी येथे येणारे घड्याळ बहुतेक परदेशी असे. स्वित्झर्लंडच्या वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबा या कंपन्यांनी मुंबईत बस्तान बसवून देशभर घड्याळे विकली. नामांकित मालाला मागणी वाढली, तशी नकलाही वाढल्या.

नक्कल तेव्हाही होतीच

घड्याळांची नक्कल ही आजची गोष्ट नव्हे. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांना युरोपभर मान होता. त्या वेळी ‘विल्टर, लंडन’, ‘टार्ट्‌स, लंडन’ अशी नावे कोरलेली घड्याळे युरोप खंडात तयार होत. ती ओळखण्याची एक खूण अशी : अस्सल इंग्लिश यंत्रात बॅलन्सवरचे नक्षीदार झाकण एकाच बाजूने स्क्रूने बसविलेले असते, तर या नकलांत ते पुलासारखे दोन्ही बाजूंना टेकलेले आढळते. पॅरिसचे विख्यात घड्याळकार ब्रेगे यांना तर नकलांना कंटाळून १७९५ च्या सुमारास तबकडीवर सहज न दिसणारी गुप्त सही सुरू करावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या वॉल्थम, एल्जिन या कंपन्यांची कीर्ती पसरली. तेव्हा स्वित्झर्लंडमधील काही कारखान्यांनी तशाच घडणीची, मिळत्याजुळत्या नावांची यंत्रे बाजारात आणली. पण स्विस उत्पादकही यातून सुटले नाहीत. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी १८६७ मध्ये कामगाराला परवडावे म्हणून केवळ ५७ भागांचे, २० फ्रँकचे घड्याळ बाजारात आणले. स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदा झाला १८८८ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही ‘रॉस्कॉफ पद्धती’ची असंख्य घड्याळे इतरांनी काढली. भारतात १८८९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने मालावर खोटे चिन्ह किंवा खोटा उगम दाखविणे हा गुन्हा ठरला. मात्र त्यामुळे नकला थांबल्या नाहीत.

मशीन काय सांगते?

मागची डबी उघडल्यावर प्रथम बॅलन्स चक्र पाहावे. जुन्या उत्तम घड्याळात ते बाहेरून पितळी आणि आतून पोलादी असते व दोन ठिकाणी आरपार कापलेले असते. तापमान बदलले तरी वेळ चुकू नये, हा त्याचा उद्देश. नकलेत हा काप पुष्कळदा नुसती ओरखडलेली रेघ असते आणि कडेचे स्क्रू केवळ शोभेचे असतात. मात्र साधारण १९३० नंतरच्या चांगल्या घड्याळांत नव्या मिश्रधातूंमुळे अखंड चक्र येऊ लागले. त्यामुळे अखंड चक्र म्हणजे नक्कल, असे म्हणता येत नाही. खोटी रेघ मात्र संशयास्पद.

दुसरी खूण माणकाच्या खड्यांची. ते दागिन्यासाठी नसतात. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात. भिंगातून पाहिल्यास खऱ्या खड्याच्या मधोमध आसाचे चकाकणारे टोक दिसते. नकलेत लाल काच नुसतीच बसविलेली असते, तिच्यातून काहीच जात नाही. लिव्हर घड्याळात खड्यांची संख्या बहुधा ७, १५, १७ किंवा २१ असते. खडे जोडीने बसतात आणि बॅलन्सला धक्का घेणारा खडा एकटा असतो, म्हणून संख्या विषम येते. यंत्रावर २१ कोरलेले आणि मोजल्यावर सातच भरले, तर निर्णय झालाच.

तिसरी खूण लिव्हरची. उत्तम यंत्रात लिव्हरच्या दोन्ही टोकांना माणकाचे तुकडे असतात. स्वस्त यंत्रात त्यांच्या जागी पोलादी टाचण्या असतात. टाचणीचे घड्याळ म्हणजे फसवणूक नव्हे, रॉस्कॉफचे स्वतःचे घड्याळही तसेच होते. त्यावर माणकांचा आणि महागड्या यंत्राचा साज चढविला असेल, तरच ती नक्कल. चौथी खूण तबकडीखाली मिळते. चांगला कारखाना न दिसणारी बाजूही नीट घासून पुसून देतो. नक्कल करणारा दिसणाऱ्या बाजूवरच मेहनत घेतो.

नाव वेगळे म्हणजे नक्कल नव्हे

येथे उलटी चूकही होते आणि अस्सल घड्याळ कवडीमोलाने जाते. तबकडीवर ‘वेस्ट एंड’ आणि आत लाँजीन्सचे यंत्र असेल, तर ती फसवणूक नाही. वेस्ट एंड कंपनी इतर कारखान्यांकडून यंत्रे घेऊन आपल्या नावाने विकत असे आणि लाँजीन्स त्यांपैकी एक होती. तसेच अमेरिकन घड्याळांत यंत्र आणि डबी स्वतंत्रपणे विकली जात, म्हणून दोहोंवरचे क्रमांक जुळत नाहीत. महत्त्वाचा तो यंत्रावरचा क्रमांक. वॉल्थम, एल्जिन आदी कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध असल्याने निर्मितीचे वर्ष व यंत्राचा प्रकार ताडून पाहता येतो.

रेल्वेगावात आणखी एक गैरसमज हमखास आढळतो. डबीवर इंजिनाचे चित्र किंवा तबकडीवर ‘रेल्वे’ शब्द असला, की ते रेल्वेने दिलेले घड्याळ समजले जाते. प्रत्यक्षात हे चित्र आणि हा शब्द स्वस्त घड्याळांवर सर्रास वापरला जाई. रेल्वे कंपनीची आद्याक्षरे व अनुक्रमांक कोरलेला असेल, तर तो पुरावा अधिक वजनदार. पण कोरीव अक्षरे नंतरही घालता येतात. सेवापुस्तिका, निवृत्तीचे पत्र किंवा जुने छायाचित्र घरात असेल, तर ते घड्याळासोबतच जपावे.

एवढे करावे

* डबी सुरीने उचकटू नये. काही डब्या आट्याच्या असतात, त्या फिरवून उघडतात.
* वर्षानुवर्षे बंद घड्याळाला चावी देऊ नये, घरचे तेल घालू नये.
* डबी पॉलिश करू नये. कोरीव अक्षरे व शिक्के पुसले जातात.
* यंत्राचे स्पष्ट छायाचित्र काढून किमान दोन घड्याळजींना दाखवावे. चांदीची डबी ही चांदीचीच खूण, यंत्राची नव्हे, हे लक्षात ठेवावे.
* घड्याळ शंभर वर्षांहून जुने असेल आणि परदेशी ग्राहकाला पाठवायचे असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी.

तपासणीअंती घड्याळ नक्कल ठरले, तर बाजारात त्याला मोठी किंमत येणार नाही, हे स्वीकारावे लागेल. पण ते टाकून देण्याचे कारण नाही. महागडे घड्याळ न परवडणाऱ्या माणसाने पगारातून घेतलेल्या त्याच घड्याळावर कित्येक वर्षे पाळी गाठली असेल. विकायचे असेल तर जे आहे तेच सांगून विकावे. ठेवायचे असेल तर आजोबांचे नाव आणि कामाचे ठिकाण लिहिलेली चिठ्ठी डबीसोबत ठेवावी.