गेली असेल कुठेतरी...



मागच्या महिन्यात नातीने फोनवर विचारले, "आजी, हे टीव्हीवाले खुनाच्या खटल्याचा निकाल आधीच कसा काय लावतात गं?" मी म्हटले, "बाळा, टीव्ही नव्हता तेव्हाही लावतच होते. तेव्हा तो पारावर लागायचा, आता पडद्यावर लागतो, एवढाच फरक." तिला तेवढ्यावर समाधान वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. शाळेत इतिहास शिकवला आहे, तेव्हा थोडे मागे जाणे आले. सांभाळून घ्या.

मोठ्या घरातला खून आणि त्यात पैशाचा घोळ, एवढे दोन धागे मिळाले की लोक त्याचे अख्खे लुगडे विणतात. २०१५ साली शीना बोरा प्रकरणाच्या वेळी आपण सगळ्यांनी ते पाहिले. मुलगी २०१२ च्या एप्रिलपासून दिसेनाशी झालेली आणि तीन वर्षे त्याचा उलगडा झाला नाही, कारण ती अमेरिकेला गेली असे सांगितले गेले होते. पुढे त्याच घराशी जोडलेल्या कंपनीच्या पैशाचे वेगळे प्रकरण निघाले. त्यातले दोषी कोण हे कोर्टाने ठरवायचे, माझ्यासारखीने नाही. मला खटकले ते दुसरेच. एक तरुण मुलगी तीन वर्षे दिसत नाही आणि 'अमेरिकेला गेली' हे दोन शब्द बहुतेकांना पुरतात!

हे वाचताना मला आपल्या पुण्यातला एक जुना खटला सारखा आठवत होता. त्या खटल्यातही अशीच एक बाई 'कुठेतरी गेली' होती.

लक्ष्मीबाई कर्वे. पुण्यात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या. यजमान १९४५ साली वारले. ते व्यवसायात होते, त्यामुळे मागे बऱ्यापैकी मालमत्ता होती : घर, बँकेतली रक्कम, शेअर्स, दागिने. धाकटा मुलगा १९५४ साली गेला, थोरला दूर होता. बाईंना मधुमेह होता, क्षयही होऊन गेलेला. घरचे डॉक्टर म्हणून डॉ. अनंत चिंतामण लागू यांचे येणे-जाणे होते. नुसते औषधापुरते नाही, हळूहळू व्यवहारही त्यांच्या सल्ल्याने चालू लागले होते.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉक्टर बाईंना घेऊन पुण्याहून मुंबईच्या पॅसेंजरने निघाले. मुंबईतल्या एका नामांकित डॉक्टरांना प्रकृती दाखवायची, असे कारण होते. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला जी. टी. म्हणतात तिथे नेले. आता ज्यांना मुंबई माहीत आहे त्यांनी विचार करा, स्टेशनला अगदी लागून सेंट जॉर्ज रुग्णालय आहे. आणि जी. टी. मध्ये नाव काय सांगितले, तर 'इंदुमती पौंशे'. बाईंचे माहेरचे नाव इंदू पोंक्षे. लग्नाला तीसच्या वर वर्षे झालेल्या बाईचे नाव माहेरचे, आणि तेही थोडे वाकवून! त्याच दिवशी दुपारच्या आत त्या वारल्या. मधुमेहाची मूर्च्छा, असे कारण लागले. प्रेत ताब्यात घ्यायला कुणी आले नाही. ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तिथे मानेवर खूण असल्याचा कुणाला संशय आला म्हणून शवचिकित्सा झाली, व्हिसेराची रासायनिक तपासणी झाली, आणि विष काही सापडले नाही.

इकडे पुण्यात काय चालले होते? इकडे पत्रे येत होती. नातेवाइकांना, ओळखीच्यांना. पत्रांखाली लक्ष्मीबाईंची सही. मी तीर्थयात्रेला निघाले आहे, असे आधी. मग कुणा जोशी नावाच्या गृहस्थाशी मी लग्न केले आहे, आता जयपूरजवळ राठोडी इथे राहते, माझा शोध करू नका, असे. आणि त्याच सुमारास त्यांच्या सहीने बँकेतले पैसे निघत होते, शेअर्स फिरत होते. सही करणारी बाई तर केव्हाच गेलेली होती.

मंडळी, इथे मला थांबावेसे वाटते. १३ नोव्हेंबर १९५६ ला बाई गेल्या आणि डॉक्टरला अटक झाली ती मार्च १९५८ मध्ये. सोळा महिने! गर्दीच्या पेठेतली, चांगल्या घरातली एक बाई सोळा महिने कुणाच्या दृष्टीस पडली नाही आणि ती मेली आहे हे पुण्याला कळले नाही. असे कसे झाले? पत्रे लिहिणारा फार हुशार होता म्हणून? मला तसे वाटत नाही. लोकांना काय पटेल हे त्याला ठाऊक होते, एवढेच. विधवा बाईने लग्न केले आणि लाजेने तोंड लपवून परमुलखात जाऊन राहिली, ही गोष्ट पेठेत सहज खपेल हा त्याचा हिशोब होता, आणि बरेच दिवस तो बरोबर ठरला.

सनावळी पाहा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. बरोबर शंभर वर्षे झालेली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले ते पुण्यातच. (आडनाव सारखे, हा योगायोग.) हिंगण्याला आश्रम उभा राहून अर्धे शतक उलटलेले. ज्या १९५८ साली हा खटला उभा राहिला, त्याच साली अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. म्हणजे कायदा झाला, संस्था झाल्या, सत्कार झाले. आणि तरीही विधवेने लग्न केले म्हटल्यावर 'मग बरोबर, ती कशाला परत येईल' असेच लोकांना वाटले असणार. नाहीतर 'लग्न केले तर केले, पण एकदा भेटायला का येत नाही? तिला आपण भेटायला जाऊ' असे कुणीतरी लवकर म्हटले असते. ती लाज खोटी होती, पण लाजेवरचा आपला विश्वास खरा होता. त्या विश्वासानेच प्रेतावर पांघरूण घातले.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. हिंदू उत्तराधिकार कायदा जून १९५६ मध्ये आला आणि बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची मानली गेली. आधी बऱ्याच ठिकाणी विधवेला हयातीपुरताच हक्क असायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा प्रकार घडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावण्याचा माझा हेतू नाही. पण एक लक्षात येते की एकट्या बाईच्या सहीला आता किंमत आली होती. आणि ज्याला किंमत येते त्याची नक्कल करणारेही येतात.

हे मी नुसते पुस्तकी बोलत नाही. आमचे हे गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. तेराव्याच्या आत घरोब्यातले एक गृहस्थ कोरे फॉर्म घेऊन आले होते. "बाई, तुम्ही फक्त खाली सह्या करा, बाकीचे मी भरतो, तुम्हाला कशाला त्रास." माणूस वाईट होता असे मी म्हणत नाही, मला माहीत नाही. मी एवढेच म्हटले की मी चाळीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवले आहे, फॉर्म मीच भरते. ते जरा दुखावले. चार दिवसांनी गावात कानावर आले की बाईंना आता पैशाची फार हाव सुटली आहे. बघा हं, सही दिली असती तर मी 'बिचारी' होते. दिली नाही तर 'हावरी'. या दोहोंच्या मधली जागा गावाने विधवेसाठी ठेवलेलीच नाही.

खटल्याकडे परत येते. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने डॉक्टरला फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर १९५९ रोजी अपील फेटाळले. पण तीन न्यायमूर्तींत एकमत नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असे होत नाही, विशेषतः आरोपी स्वतः डॉक्टर असताना. त्याचे आधीचे आणि नंतरचे वागणे, खोटे नाव, प्रेताकडे फिरवलेली पाठ, खोटी पत्रे, खोट्या सह्या, ही सगळी साखळी एकाच दिशेला नेते, असा त्याचा आशय. न्या. सरकार यांचे मत वेगळे पडले. मृत्यू विषानेच झाला हे नि:संशय सिद्ध झालेले नाही, असे त्यांनी लिहिले. पुढे हे दोघेही भारताचे सरन्यायाधीश झाले. म्हणजे एवढे विद्वान, तेच कागद, तेच साक्षीदार समोर, आणि तरी मत दोन. आणि आपण? आपण चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकाल देतो.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९८४ साली, पुण्यातल्याच एका विषाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आरोपीला सोडले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असली पाहिजे, याची पाच कलमे त्या निकालात घालून दिली. वकील मंडळी त्याला पंचशील म्हणतात. हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळते, कोर्ट संशयावर चालत नाही आणि संशयाला घाबरतही नाही. एकेक दुवा ओढून बघते.

माझ्या लहानपणी आमच्या लोणी भापकरला भैरवनाथाच्या देवळापाशी मंडळी जमत. कुणीतरी पेपर मोठ्याने वाचायचे, बाकीचे ऐकायचे. लागू खटल्याचे नाव मी पहिल्यांदा तिथेच ऐकले. कळत काहीच नव्हते, पण एक आठवते की चर्चा डॉक्टरपेक्षा बाईचीच जास्त व्हायची. ती एकटी का गेली, तिने डॉक्टरवर एवढा विश्वास का टाकला. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेणे सोपे असते, तो उत्तर देत नाही ना!

आणि ही आपली सवय आजची नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. मोठे घर, खून, आणि पैसाही होताच, कारण गारद्यांच्या थकलेल्या पगाराची धुसफूस त्या कटामागे होती. रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरले. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावे इतिहासात आहेत. पण शंभर माणसांना विचारा, त्यांना काय आठवते? आनंदीबाई. 'ध' चा 'मा'. 'धरावे' चे 'मारावे' केले ही गोष्ट आपण मुलांना जन्मघुटीबरोबर पाजतो. ती चांगली गोष्ट आहे, लक्षात राहते, एका अक्षरात मावते. मी वर्गात हा धडा घेताना फळ्यावर तीन रकाने करायची : पाहिलेले, लिहिलेले, ऐकलेले. मुलांनी एकेक वाक्य योग्य रकान्यात टाकायचे. तलवारी उपसणारे गारदी पहिल्या दोन रकान्यांत जायचे आणि 'ध' चा 'मा' तिसऱ्यात जाऊन बसायचा. मुले हिरमुसायची. पण एखादी मुलगी हमखास विचारायची, "बाई, मग सगळे तिचेच नाव का घेतात?" त्या प्रश्नासाठीच तो तास असायचा.

पाहा ना, दोन्ही गोष्टींत कागद आहे आणि बाई आहे. एकीने कागद खोटा केला असे लोकांनी मानले, पुरावा नसताना. दुसरीच्या नावाने कागद खोटे झाले आणि लोकांनी ते खरे मानले, तेही पुरावा न मागता. आनंदीबाईच्या वाट्याला बोल आले, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सोळा महिन्यांची शांतता. आपल्या तर्कटांचे नुकसान हे असे दोन्हीकडून होते. कधी ते निरपराध माणसाला चिकटतात, आणि कधी अपराध्याला लपायला जागा देतात. दुसऱ्या नुकसानीबद्दल आपण फारसे बोलत नाही.

म्हणून नातीला मी शेवटी हे सांगितले. तर्क करू नये असे नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही शेवटी काही जवळच्या माणसांनी तर्कच केला, की हे असे होणे शक्य नाही, ही बाई अशी न सांगता जाणारी नव्हे, आणि त्यांनी तक्रारी केल्या, म्हणूनच तपास झाला. पण त्यांचा तर्क प्रश्नावर संपत होता : ती आहे कुठे? बाकीच्यांचा उत्तरावर संपत होता : गेली असेल कुठेतरी. पहिला तर्क उठून चौकशीला जातो, दुसरा पाय पसरून बसतो.

असो. पत्र लांबले. आपल्या गावात, आपल्या वाड्यात अशी एखादी 'कुठेतरी गेलेली' बाई तुमच्याही आठवणीत असेल. तिच्याबद्दल काय बोलले गेले ते मला कळवू नका. ती खरोखर कुठे गेली हे कुणी जाऊन पाहिले होते का, तेवढे मात्र जरूर कळवा.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा.